हिंकलीचं क्रोमियम गेलं कुठे?

नैसर्गिक वायू नळातून शेकडो मैल न्यायचा तर वाटेत ठिकठिकाणी त्याला पुन्हा दाब द्यावा लागतो. दाबला की वायू तापतो, त्याबरोबर यंत्र तापतं आणि ते थंड करायला पाणी लागतं. कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात, लॉस एंजेलिसच्या ईशान्येला सुमारे १३० किलोमीटरवर, हिंकली नावाची विरळ वस्ती आहे. टेक्ससकडून येणारा वायू तिथल्या पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या केंद्रात दाबून पुढे पाठवतात. १९५२ ते १९६४ या काळात या केंद्रात यंत्रं थंड करायच्या पाण्यात क्रोमियमचं संयुग घालत, लोखंडाला गंज चढू नये म्हणून. काम झालेलं पाणी शेजारच्या तळ्यांत सोडून देत. तळ्यांना अस्तर नव्हतं आणि खाली होता नदीने आणून टाकलेला वाळू-गोट्यांचा गाळ. सुमारे ३७ कोटी गॅलन, म्हणजे १४० कोटी लिटर पाणी या तळ्यांत गेलं, असं सांगितलं जातं.

पुढची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. १९८७ च्या डिसेंबरात कंपनीने भूजलात क्रोमियम सापडल्याचं सरकारी जलमंडळाला कळवलं. वकिलाच्या कार्यालयात नोकरी करणाऱ्या एरिन ब्रॉकोविच यांनी जुने कागद खणून काढले, सहाशेहून जास्त रहिवासी भांडायला उभे राहिले, १९९६ मध्ये ३३ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली आणि चार वर्षांनी त्यावर चित्रपट आला. बहुतेकांच्या डोक्यात हिंकली तिथेच संपतं. पण तडजोडीच्या त्या धनादेशाने भूजलातला एक रेणूही जागचा हलला नव्हता. मला रस आहे तो त्या रेणूंमध्ये. पुढच्या काळात त्यांचा बंदोबस्त करायचं मुख्य काम लसूणघासाच्या शेतांकडे आणि जमिनीतल्या जिवाणूंकडे आलं. वनस्पती आणि सूक्ष्मजीव वापरून भूजल स्वच्छ करता येतं, हे वाक्य आपण सहज बोलून जातो. त्या वाक्याच्या पोटात काय काय असतं, ते हिंकलीत उघड्यावर दिसतं.

एक धातू, दोन स्वभाव

क्रोमियम निसर्गात मुख्यतः दोन रूपांत भेटतं. क्रोमियम-३ म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं आणि क्रोमियम-६ म्हणजे सहा गमावलेलं. फरक तीन इलेक्ट्रॉनांचा, पण स्वभाव दोन टोकांचे. क्रोमियम-३ साध्या, ना आंबट ना फार अल्कधर्मी पाण्यात विरघळायलाच तयार नसतं. ते हायड्रॉक्साइड होऊन वाळूच्या कणांवर साचतं आणि तिथेच बसतं. क्रोमियम-६ ऑक्सिजनला बरोबर घेऊन क्रोमेट बनतं. क्रोमेटवर ऋण भार असतो. मातीच्या बहुतेक कणांवरही ऋण भारच असतो, विशेषतः पाणी अल्कधर्मी असेल तेव्हा. म्हणजे माती त्याला धरून ठेवत नाही. पाणी जाईल तिकडे तेही जातं. विषारीही तेच. श्वासातून गेलं तर ते कर्करोगकारक आहे हे पक्कं ठरलेलं आहे, आणि पिण्याच्या पाण्यातली मर्यादाही त्याच भीतीपोटी घातली गेली.

मोहावेतल्या त्या जलधरातलं, म्हणजे जमिनीखाली पाणी धरून ठेवणाऱ्या थरातलं, पाणी ऑक्सिजनने भरलेलं आणि किंचित अल्कधर्मी. क्रोमियम-६ ला याहून मानवेल अशी जागा शोधून सापडायची नाही. त्यामुळे तळी बंद झाल्यावरही दूषित पाण्याचा पट्टा, ज्याला जाणकार प्लूम म्हणतात, भूजलाच्या ओघाबरोबर उत्तरेकडे सरकत राहिला. उगमापाशी लिटरमागे हजारांच्या घरात मायक्रोग्रॅम, आणि टोकाला जाईपर्यंत एक-दोन आकडी.

तेव्हा उपाय दोनच उरतात. पाणी उपसून क्रोमियम गाळून काढायचं, किंवा क्रोमियम-६ ला ते हरवलेले तीन इलेक्ट्रॉन परत द्यायचे. हे परत देणं म्हणजे रसायनशास्त्रातलं क्षपण. हिंकलीत मुख्य भिस्त दुसऱ्या वाटेवर ठेवली. एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे फसवल्यासारखं वाटणार नाही: कोणताही जिवाणू किंवा कोणतंही मूळ क्रोमियम ‘खाऊन’ टाकत नाही. तेलाचं किंवा बेंझिनचं तसं होतं, त्यांचे रेणू मोडतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. धातू हे मूलद्रव्य आहे. त्याला मोडायची सोय नाही, फक्त रूप बदलता येतं.

लसूणघास

पहिला प्रयोग १९९० च्या दशकातला. पट्ट्यातलं पाणी उपसायचं आणि तुषार सिंचनाने लसूणघासाच्या शेतावर उडवायचं. कल्पना चांगली होती, पण कोणीतरी तो फवारा पाहून विचारायला हवं होतं ते फार उशिरा विचारलं गेलं. क्रोमियम-६ चा सर्वांत मोठा धोका श्वासावाटे आणि आपण तर ते पाणी वाळवंटी वाऱ्यात बारीक तुषार करून उडवतोय! २००१ मध्ये ही शेतं बंद करावी लागली. उपसा थांबला. २००४ मध्ये एका गोठ्याच्या जमिनीवर नव्याने काम सुरू झालं तेव्हा पाणी ठिबकने द्यायचं ठरलं, तेही नळ्या मातीखाली पुरून. वनस्पती तीच, पाणी तेच, क्रोमियमही तेच. बदलली ती फक्त पाणी द्यायची तऱ्हा, आणि तिच्यावरच सगळं अवलंबून होतं.

मुळांपाशी घडतं ते असं. ड्रिपरमधून थेंब मातीत उतरतो. आजूबाजूला लसूणघासाची तंतुमुळं, मेलेली मुळं, मुळांनी पाझरवलेली साखर आणि सेंद्रिय आम्लं असतात, आणि या सगळ्यावर जगणारे अब्जावधी सूक्ष्मजीव. ओल वाढली की ते जोरात श्वसन करतात, आणि मातीच्या ढेकळाच्या आत अगदी मिलिमीटरच्या अंतरावर ऑक्सिजन संपलेले कोनाडे तयार होतात. क्रोमेट त्या कोनाड्यात शिरलं की त्याला इलेक्ट्रॉन मिळतात. कधी थेट जिवाणूच्या विकराकडून, म्हणजे एन्झाइमकडून, कधी सेंद्रिय पदार्थाकडून, तर कधी क्षपण होऊन विरघळू लागलेल्या लोहाकडून. क्रोमियम-३ होतं आणि मातीला चिकटतं. पिकाखाली लायसिमीटर पुरून, म्हणजे खाली झिरपणारं पाणी धरून, तपासणी केली, तेव्हा क्रोमियम-६ चा बहुतांश भाग मुळांच्या पट्ट्यातच अडकलेला आढळला.

मग रोप काय करतं? इथे गैरसमज फार. लसूणघास क्रोमियम शोषून पानांत साठवते, मग कापून गठ्ठे बांधले की क्रोमियम शेताबाहेर गेलं, असं चित्र लोक रंगवतात. तसं घडत नाही. क्रोमियमचं मुळांतून वर चढणं अगदी नगण्य असतं. आणि ते बरंच आहे, नाहीतर तो चारा कोणत्या जनावरापुढे टाकायचा हा नवा प्रश्न उभा राहिला असता. रोपाचं काम जिवाणूंना वर्षभर खाऊ घालण्याचं आहे. दुसरं काम पाणी पिऊन हवेत सोडण्याचं, म्हणजे उपसलेलं पाणी परत भसाभस खाली जाणार नाही. तिसरं, आनुषंगिक काम नायट्रेट उचलण्याचं. हिंकलीच्या आसपास गोठे होते, त्यांच्यामुळे भूजलात नायट्रेटही होतं. लसूणघास शेंगवर्गीय, हवेतला नायट्रोजन स्वतः बांधू शकते. पण मुळाशी आयता नायट्रेट मिळाला तर ती कष्ट करत नाही, तोच उचलते.

मुळं थेट भूजलापर्यंत का नेली नाहीत, असंही विचारलं जातं. पॉप्लरसारखी झाडं लावून उथळ भूजल शोषून घ्यायचे प्रयोग इतरत्र झालेले आहेत आणि ते चांगले चालतातही. पण हिंकलीत पाणी वीस-पंचवीस मीटर खाली आहे. तिथे झाडाचं काम पंपानेच करावं लागतं. खरं तर या सगळ्या शेतीचा सर्वांत मोठा फायदा मला उपशातच दिसतो. विहिरी सतत चालू ठेवल्या की त्यांच्याभोवती भूजलाची पातळी बसते, आजूबाजूचं पाणी तिकडे ओढलं जातं, आणि पट्ट्याची पुढची चाल थांबते. उपसलेल्या पाण्याचं करायचं काय, या प्रश्नाला लसूणघास हे उत्तर आहे.

आता हिशोब. मातीत क्रोमियम साचतं म्हणजे आपण विषाचं गोदाम तर बांधत नाही ना? कागदावर मांडून पाहू. एक हेक्टर शेत, वर्षाला दीड मीटर पाणी, म्हणजे दीड कोटी लिटर. पाण्यात लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम क्रोमियम-६ धरलं तर वर्षाला शेतात पडतं ७५० ग्रॅम. त्याच हेक्टरच्या वरच्या ३० सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे ४,००० टन. मातीत क्रोमियम मुळातच असतं. किलोमागे ५० मिलिग्रॅम धरलं, तर ते झालं २०० किलो. म्हणजे वीस वर्षं पाणी दिलं तर १५ किलोची भर पडेल, मूळ साठ्याच्या आठ टक्क्यांच्या आत, तीही न विरघळणाऱ्या रूपात. आकडे मी सोयीसाठी गोल घेतले आहेत, पण प्रमाण बदलत नाही. पाण्यात जे भयंकर वाटतं ते मातीत ताळेबंदाच्या तळटीपेएवढं होतं.

अडचणी वेगळ्याच ठिकाणून आल्या. थंडीत लसूणघासाची तहान भागायला थोडंच पाणी पुरतं, पण पट्टा काही थंडी पाळत नाही. उपसा कमी केला की तो पुढे सरकायला मोकळा. म्हणून हिवाळी पिकं घ्यायची, की थंडीपुरतं पाणी यंत्राने शुद्ध करायला जमिनीवर वेगळा प्रकल्प उभारायचा, यावर पर्यावरण अहवालांत पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. दुसरी अडचण क्षारांची. वाळवंटात पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि हळूहळू खाली झिरपतात. त्याच झिरपणाऱ्या पाण्यातून गाळातलं नैसर्गिक युरेनियमही सुटून येईल का, ही शंका नियामकांनी काढली आणि त्याची नियमित मोजणी कंपनीच्या गळ्यात बांधली. क्रोमियमसाठी लावलेल्या शेताखाली युरेनियम मोजायची वेळ येते, ही या कामाची नेहमीची चव आहे.

जमिनीखालची भट्टी

लसूणघास सौम्य पाण्याला ठीक. उगमापाशी, जिथे क्रोमियम हजारांत आहे, तिथे शेती करून भागत नाही. तिथे आणि पट्ट्याच्या मधल्या पोटात दुसरी पद्धत वापरली. विहिरींची रांग खोदायची, काहींतून पाणी उपसायचं, त्यात इथेनॉल मिसळायचं आणि शेजारच्या विहिरींतून तेच पाणी परत खाली सोडायचं. पाणी जमिनीखालीच एका विहिरीकडून दुसरीकडे फिरत राहतं आणि त्या रांगेभोवती ऑक्सिजन नसलेला पट्टा तयार होतो. अभियंते त्याला प्रतिक्रिया-क्षेत्र म्हणतात. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. विहिरींची तोंडं, नळ आणि कुंपण.

जिवाणू बाहेरून आणून सोडावे लागले नाहीत. ते तिथेच होते, फक्त उपाशी. वाळवंटाखालच्या त्या वाळूत सेंद्रिय कार्बन नावालाच असतो. इथेनॉल मिळालं की त्यांची पंगत बसते. पण पंगतीत मान ठरलेला असतो. आधी ऑक्सिजन वापरणारे बसतात. ऑक्सिजन संपला की नायट्रेटवर श्वास घेणारे. मग मँगनीज ऑक्साइडवाले, मग लोह ऑक्साइडवाले, आणि शेवटी सल्फेटवाले, ज्यांच्यामुळे पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. क्रोमेटचा नंबर साधारण नायट्रेटच्या पुढे-मागे लागतो, आणि एकदा विरघळलेलं लोह तयार झालं की ते स्वतःच क्रोमेटला भराभर क्षपित करतं. जिवाणूची वाट पाहायची गरजच उरत नाही.

इथे पुन्हा एक छोटा हिशोब करावासा वाटतो. इथेनॉलचा एक रेणू पूर्ण जळला तर १२ इलेक्ट्रॉन देतो. ऑक्सिजनचा रेणू ४ घेतो, नायट्रेटचा ५, क्रोमेटचा ३. समजा एका लिटर पाण्यात ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन आहे, १० मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन आहे आणि १ मिलिग्रॅम क्रोमियम-६ आहे, म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, चांगलंच जहाल पाणी. तर शंभर इलेक्ट्रॉनांपैकी साधारण ७७ नायट्रेट घेऊन जातो, २२ ऑक्सिजन आणि क्रोमियमच्या वाट्याला येतो जेमतेम एक. लिटरमागे अठराएक मिलिग्रॅम इथेनॉल लागेल, आणि त्यातला एक टक्का ज्याच्यासाठी आणला त्याच्या कामी. पहिल्यांदा ही आकडेमोड केली तेव्हा मी दोनदा तपासली. क्रोमियमचा बंदोबस्त करण्याच्या खर्चाचा बराचसा भाग गोठ्यांच्या नायट्रेटवर आणि स्वच्छ पाण्यातल्या ऑक्सिजनवर जातो. पाणी किती ‘घाण’ आहे यापेक्षा त्यात दुसरं काय काय आहे यावर खर्च ठरतो.

इथेनॉल किती द्यायचं हे म्हणून कसबाचं काम. कमी पडलं तर पहिल्या दोन पंगतींतच संपतं आणि क्रोमियम तसंच निसटतं. जास्त झालं तर पुढच्या पंगती उठतात, आणि त्यांच्यामुळे वेगळीच डोकेदुखी सुरू होते. शिवाय इंजेक्शन विहिरीच्या जाळीभोवतीच जिवाणूंनी शेवाळासारखा चिकट थर धरला की विहीर तुंबते. इथेनॉल ओतायचं तिथेच सर्वांत जास्त खाद्य, त्यामुळे तिथेच सर्वांत जास्त वाढ, हे ओघानेच आलं. मग सतत देण्याऐवजी थांबून थांबून मात्रा द्यायची, अधूनमधून विहीर घासून, रसायनाने धुऊन मोकळी करायची. या पद्धतीला ‘नैसर्गिक’ म्हणणाऱ्यांनी एकदा तुंबलेल्या विहिरीची जाळी पाहावी.

मँगनीज

तिसऱ्या-चौथ्या पंगतीची डोकेदुखी ती हीच. मँगनीज आणि लोह यांची ऑक्साइडं वाळूच्या प्रत्येक कणावर पातळ लेपासारखी असतात. जिवाणूंनी त्यांच्यावर श्वास घ्यायला सुरुवात केली की ती विरघळतात आणि मँगनीज-लोह पाण्यात येतं. लोहाच्या लेपाला चिकटून आर्सेनिक बसलेलं असतं. लेप गेला की तेही सुटतं. म्हणजे क्रोमियम बसवायच्या नादात मँगनीज आणि आर्सेनिक उठवून बसायची पाळी येते. आर्सेनिकची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. मँगनीजची ५०, पण ती रंग-चवीसाठी घातलेली.

पुस्तकातलं उत्तर असं की हे पाणी प्रतिक्रिया-क्षेत्राबाहेर पडून पुन्हा ऑक्सिजनच्या संपर्कात आलं की लोह आणि मँगनीज परत साका होऊन बसतात आणि आर्सेनिक त्यांना चिकटतं. ढोबळमानाने हे खरंच आहे. लोह लगेच बसतं. मँगनीज मात्र रेंगाळतं. ऑक्सिजन असूनही त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळात ते बरंच पुढे गेलेलं असतं. वस्तीतल्या खासगी विहिरींमध्ये मँगनीज दिसू लागलं तेव्हा ते इथेनॉलमुळे आलं की आधीपासून होतं, यावर रहिवासी आणि कंपनी यांच्यात जुंपली. एकदा ज्यांच्या पाण्यात कोणीतरी काहीतरी सोडलं, त्यांना ‘हे तात्पुरतं आहे’ हे पटवून देणं सोपं नसतं, आणि मला वाटतं ते सोपं असूही नये. उताराच्या दिशेला निरीक्षण विहिरींची रांग ठेवा, आणि अमुक आकडा ओलांडला तर इथेनॉल थांबवा, ही अट त्यामुळेच नियामकांच्या परवान्यात महत्त्वाची ठरते.

यात आणखी एक गाठ आहे, आणि ती या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी जाते. क्रोमियम-३ परत क्रोमियम-६ होऊ शकतं का? विरघळलेला ऑक्सिजन हे काम फार मंद गतीने करतो, जवळजवळ नाहीच म्हणा. निसर्गात हे जोमाने करू शकणारा एकच जण आहे: मँगनीज ऑक्साइड. आणि प्रतिक्रिया-क्षेत्राच्या काठावर ताजं मँगनीज ऑक्साइड आपणच बसवत असतो. दोघे एकमेकांना भेटले तर? सुदैवाने भेटणं अवघड. दोन्ही घन रूपात, आपापल्या कणांना चिकटलेले. क्रोमियम-३ लोहासोबत मिसळून बसलं असेल तर ते आणखी घट्ट असतं. शिवाय जिवाणूंचे मृतदेह, लोह सल्फाइडं असा क्षपण करणारा साठा वाळूत बराच काळ राहतो. तरी ‘अवघड’ म्हणजे ‘अशक्य’ नव्हे. म्हणून इथेनॉल थांबवल्यानंतरची वर्षं इथेनॉल देण्याच्या वर्षांइतकीच बारकाईने मोजावी लागतात.

किती म्हणजे स्वच्छ

हा मँगनीज ऑक्साइडचा खेळ माणसाने सुरू केलेला नाही. मोहावेच्या गाळात डोंगरांतून आलेली क्रोमियमयुक्त खनिजं आहेत. जुनं, ऑक्सिजनयुक्त, अल्कधर्मी पाणी आणि मँगनीज ऑक्साइड हजारो वर्षं एकत्र नांदले की थोडं क्रोमियम-६ आपोआप तयार होतं. तळी खोदली नसती तरी हिंकलीच्या पाण्यात ते थोडं सापडलंच असतं. किती, हा कळीचा मुद्दा. निसर्गाने दिलेल्या पातळीच्या खाली पाणी नेऊन दाखवा, असं कोणी कोणाला सांगू शकत नाही.

२००७ मध्ये कंपनीने केलेल्या अभ्यासात नैसर्गिक सरासरी १.२ आणि वरची मर्यादा ३.१ मायक्रोग्रॅम निघाली. जलमंडळाने ३.१ हा आकडा पट्ट्याची हद्द म्हणून धरला. मग २००८ ते २०११ च्या दरम्यान नकाशावरचा पट्टा वाढू लागला. तो खरोखर सरकत होता, की जास्त ठिकाणी विहिरी खोदल्यामुळे आधीपासून असलेलं नैसर्गिक क्रोमियम सापडत होतं? नमुने कुठल्या विहिरींतून घेतले, त्या किती खोल होत्या, यावर टीका झाली आणि अभ्यास नव्याने करायचं ठरलं. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जॉन इझबिकी यांच्या नेतृत्वाखाली तो झाला, आणि अहवाल २०२३ मध्ये आला. पाण्याचं वय, समस्थानिकं, गाळातली खनिजं, जवळच्या खडकांचा मागोवा, असे अनेक पुरावे त्यात एकत्र लावून पाहिले. त्यांनी आखलेला पट्टा नियामकांच्या २०१५ च्या अखेरच्या नकाशापेक्षा मोठा निघाला, पण ३.१ च्या वर क्रोमियम-६ सापडलेल्या आजवरच्या सर्वांत मोठ्या नकाशापेक्षा लहान. म्हणजे त्या सर्वांत मोठ्या नकाशातल्या काही विहिरींमधलं क्रोमियम कंपनीचं नव्हतं, डोंगराचं होतं.

मधल्या काळात कायद्याचा आकडाही जागेवर राहिला नाही. कॅलिफोर्नियात पिण्याच्या पाण्यातल्या एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम होती. २०१४ मध्ये क्रोमियम-६ साठी वेगळी १० ची मर्यादा आली, २०१७ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली, आणि २०२४ मध्ये तीच पुन्हा लागू झाली.

या मधल्या वर्षांत गाव रिकामं होत गेलं. नकाशावरची रेघ जवळ आली की कंपनी घर विकत घ्यायची तयारी दाखवी, आणि रेघ सरकत होती. २०१३ मध्ये शाळा बंद झाली, दोनेक वर्षांत टपाल कार्यालय आणि बाजारही. ज्यांच्या पाण्यात दीड-दोन मायक्रोग्रॅमच होतं, अशांनीही घरं विकली. त्यांना दोष कसा द्यायचा? आकडा निसर्गाचा की कंपनीचा हे सांगायला शास्त्रज्ञांना २०२३ साल उजाडावं लागलं. मुलांना तोवर कुठलं पाणी पाजायचं हे त्यांना त्याच दिवशी ठरवायचं होतं.

तंत्रापुरतं म्हणाल तर माझं मत हिंकलीच्या बाजूने आहे. पाणी सगळं उपसून गाळायचं म्हटलं असतं तर दशकं वीज जाळून शेवटी क्रोमियमयुक्त गाळाचे ट्रक कुठल्यातरी खड्ड्याकडे पाठवावे लागले असते. क्रोमियम आज जिथे आहे, वाळूच्या कणांवर आणि लसूणघासाच्या मुळांभोवती, तिथे ते त्या खड्ड्यापेक्षा वाईट ठिकाणी नाही. मूळ तळ्यांपेक्षा तर नक्कीच नाही. फक्त ते तिथे आहे. निरीक्षण विहिरीत दर तिमाहीला नमुन्याची बाटली उतरते ती क्रोमियम गेलं का हे पाहायला नाही, ते अजून बसलेलं आहे का हे पाहायला. आणि त्याच बाटलीत मँगनीज, आर्सेनिक, नायट्रेट आणि युरेनियमही मोजलं जातं.